बोटांचं औषध

ईडन प्रेरी, मिनेसोटा
जानेवारी

प्रिय आई,

पार्सल पोचलं. डिंकाचे लाडू, तुझ्या जुन्या साड्यांची दुपटी आणि माझी लहानपणची कुंची. इतक्या आधी काही शिवू नये असं तूच सांगायचीस, पण तुला दम निघाला नसणार. चूक शंतनूची. फोनवर तोच सांगून बसला, उर्वीला गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला ब्लड टेस्ट असते, मी तिला भांडी घासू देत नाही. तू नागपुरात बसून काढायचा तो अर्थ काढलास आणि संध्याकाळी मोरेश्वरकाकांकडे पेढे गेले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या लेकीबद्दल कुठल्याही आईला हेच वाटलं असतं.

बाळ नाहीये, आई. घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

मला सिस्टेमिक स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. त्यात कातडी घट्ट होत जाते, बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात. इथल्या थंडीत गाडीपर्यंत जाईतो बोटं पांढरी पडतात, मग निळी. रक्त पोचत नाही म्हणून टोकांना जखमा होतात. जखम असते मसुराएवढी, पण ठणका असा की शर्टाचं बटण लावता येत नाही. व्हिडिओ कॉलवर मी हात टेबलाखाली ठेवते ते त्यासाठी. हळदही लावून पाहिली, शेवटी तुझीच लेक. डॉक्टरांनी ती धुवायला लावली. आधीच्या गोळ्यांनी भागलं नाही. एक बोट काळं पडायला लागलं, कापावं लागतं की काय इथवर गोष्ट गेली. तेव्हा हॉस्पिटलात सलाइनमधून औषध दिलं आणि बोट वाचलं. आता नव्या जखमा होऊ नयेत म्हणून वेगळी गोळी आहे. तिचा यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून दर महिन्याला रक्त तपासतात.

आणि ही गोळी घेताना दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मूल हवं असेल तर ही नको, दुसरं काही बघू. मी म्हटलं, "गोळी लिहून द्या." घरी येऊन खूप रडले, पण निर्णय बदलणार नाही. मला माझी बोटं हवीत. पुढे आजार निवला तर डॉक्टरांना विचारून बघू, नाहीतर दत्तक घेऊ, नाहीतर आम्ही दोघं आहोतच. काकांना तू सांग. कुणाची कीव मात्र मला नको.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू रडली असतीस आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. बाळंतपणासाठी म्हणून तू जूनचं तिकीट काढलंस. शंतनूला वाटतं, खरं कळलं की तू ते रद्द करशील. करू नकोस. बाळासाठी येणार होतीस, आता माझ्यासाठी ये. मला वेणी घालता येत नाही गं. शंतनू रोज घालून देतो, पण ती दुपारपर्यंत सुटते.

तुझीच हट्टी लेक,
उर्वी