पट्टीखालची ओळ

५ एप्रिल १९६४, वरवट बकाल
आलो एकदाचा! ग्रामसेवकाची नोकरी, स्वतःचं टेबल, सुभद्राबाईंकडे हवेशीर खोली आणि पहिल्याच दिवशी भाकरी-झुणका. आम्हा सातारकरांना आणखी काय हवं? ऊन मात्र टाळू फोडतं. म्हाताऱ्या कोतवालाने, कचरूने, दोन वह्या दाखवल्या. कुटुंबवहीत घराघरातली जिवंत माणसं, मृत्युवहीत गेलेली. सुभद्राबाईंच्या घराखाली मी माझंही नाव झोकात लिहिलं.

८ एप्रिल
कचरूने आज माझी शाळाच घेतली. कुणी गेलं की त्याच्या ओळीखाली लोखंडी पट्टी ठेवायची. आधी पेन्सिलीने कुटुंबवहीत नाव खोडायचं, मृत्युवहीत लिहायचं, मग दोन्हीकडे शाई आणि सही. तोवर पट्टी हलवायची नाही. मध्येच अडलं तर पेन्सिल पुसून नाव होतं तसं करायचं. "अर्ध ठेवू नका साहेब, मानूस कुठचाच राह्यत नाई." मी खूप हसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

१४ एप्रिल
गोजरबाई नवरा गेल्याची वर्दी द्यायला आल्या. काल उकंडरावांना जाळलं. पट्टी ठेवली, माझ्या नव्या शाईपेनाने नाव खोडलं, तेवढ्यात सरपंच उत्तमरावांकडून रोडगे खायचं बोलावणं. घामोळ्यांनी पाठ पेटली होती. पट्टी उचलून पाठ खाजवली आणि गेलो. परतल्यावर इतकी सुस्ती, की मृत्युवही उघडलीच नाही. उद्या लिहू.

१५ एप्रिल
मृत्युवही सापडत नाही. दुपारी गोजरबाई किंचाळत आल्या. नवरा ओट्यावर येऊन बसलाय म्हणे, उंबरा काही केल्या ओलांडता येत नाही त्याला. मी त्यांना हाकलून दिलं.

१७ एप्रिल
भर दुपारी उकंडराव कचेरीच्या बाकावर. धोतराला राख. मांडीवर मृत्युवही. मी ती मागितली, तर ते माझ्या हातातल्या कुटुंबवहीकडे बोट दाखवतात. ही मिळाल्याशिवाय ती सोडणार नाहीत. ती मिळाल्याशिवाय ही सोडायची माझीही छाती होत नाही. कचरू म्हणतो, रेघ पुसा, सुटाल. कशी पुसू? शाई आहे.

१९ एप्रिल
दोन दिवस समोरासमोर. उठलो नाही. मला कुणी पाणी देत नाही. गाव दारात उभं आहे, काठ्या घेऊन. उत्तमरावांनी बजावलं, वही सोडा, हे भूत गावातून जाऊ द्या, नाहीतर आम्ही सोडवू —

त्याच दिवशी
सोडली. मृत्युवही उकंडरावांनी शेजारी ठेवली, पण मला हात लावू देत नाहीत. स्वतःचं पान उघडलंच नाही. कुटुंबवहीत सुभद्राबाईंच्या घराचं पान काढलं. पट्टी माझ्या ओळीखाली ठेवली. माझंच पेन —

खोडलं.

खोलीवर धावलो. उंबऱ्याशी पाय उचलेना. सुभद्राबाई माझ्यातून पलीकडे बघत होत्या. कचेरीत परत आलोय. पाया पडलो उकंडरावांच्या — मृत्युवहीत तरी लिहा, लिहून टाका माझं नाव —

हसले. "मले मरू देलं नाई तुनं. तुले काऊन मरू देऊ बे?"

पट्टी उचलताहेत. नको, उकंडराव, अजून अर्धंच — पाठ खाजवताहेत पट्टीने — उठले, जेवायला नि