सोमवारचं बिस्किट

गुरुवार, संध्याकाळ. खांदा कॉलनी.

कॉलेजातले सर उद्या नाचणीच्या बिस्किटांच्या चव-चाचणीचा निकाल कंपनीला पाठवणार, आणि माझी चूक मला आत्ता कळतेय. साखरेची तीन प्रमाणं, रोज एक चाखायला द्यायचं, हे मीच ठरवलं होतं. ओव्हन एकच, म्हणून सोपं वाटलं. सोमवारच्या कमी साखरेच्या बिस्किटाला सगळ्यात जास्त गुण पडले. पण त्या दिवशी ऑफिसातल्या बायका दारातूनच म्हणाल्या होत्या, "आज श्रावणी सोमवार गं, आम्हाला चालत नाही." मग मी हॉस्टेलची पोरं बसवली. भुकेली! त्यांनी पुठ्ठासुद्धा छान म्हणून खाल्ला असता. मंगळवारी, बुधवारी मात्र त्या बायकाच होत्या, नाकं मुरडत. आता बिस्किट चांगलं की पोरं भुकेली, कसं कळणार? प्रत्येकाला तिन्ही बिस्किटं एकाच दिवशी, क्रम बदलून द्यायची, एवढंही सुचू नये मला? "आज श्रावणी सोमवार गं." ऐकूनही कळलं नाही!

शेवटी सरांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"अगं, पण निकाल छान आलाय ना?"

"भुकेचा आलाय, सर. बिस्किटाचा अजून यायचाय."

मग सर म्हणाले, "ठीक आहे. कंपनीला उद्या तूच सांग."