सशाला काही झालेलं नाही

४ जून
नव्या कामावर रुजू झाले. घर छान, उजेडाचं. बाई पूर्वी शिवणकाम शिकवायच्या, आता गुडघ्यांमुळे खुर्चीतच असतात. मुलगा सगळं समजावून गेला: गोळ्यांच्या वेळा, रोजचं बीपी, सशाचा पाला. ससा नऊ वर्षांचा, त्याला आजोबा म्हणतात. दिवसभर बाईंच्या पावलांवर पसरलेला. बाई म्हणाल्या, घरात उलट न बोलणारा हा एकच पुरुष. खूप दिवसांनी हसले.

७ जून
बाई जेवून आडव्या झाल्या. एरवी अर्ध्या तासात उठतात, आज साडेचार वाजले. उठल्यावर आजोबाला मांडीवर घेतलं, तर बोचकारून पळाला. कपाटाखाली शिरून मागचा पाय आपटत बसला. बाई म्हणाल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

८ जून
प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याचे दात, डोळे, सांधे सगळं पाहिलं. म्हातारा ससा अचानक बदलला तर बहुधा कुठेतरी दुखत असतं, ससे दुखणं लपवतात, म्हणाले. याला मात्र काही नाही. मग विचारलं, "घरात काय बदललंय?" मी म्हटलं, काहीच नाही.

९ जून
स्वयंपाकघरात माझ्या हातून नीट खातो. बाईंची खुर्ची सरकली की थिजतो. बाईंचा चहा तसाच पडलेला, म्हणतात, प्यायले. बीपीच्या मशीनवर त्यांचा आकडा येईना. सेल बदलले. माझं बरोबर दाखवतं.

१० जून
वेणी घालताना बाईंच्या केसांचा पुंजका हातात आला, कातडीसकट. रक्त नाही. त्या आरशात बघून हसल्या. मी पुंजका कागदात गुंडाळून टाकला आणि भांडी घासली. घाबरायला हवं होतं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई तर रोज छान बोलते, मशीन बिघडलं असेल.

१२ जून
बाई म्हणाल्या, दमलीस, ये, जरा माझ्याजवळ पड. पडले. त्यांचा हात गार.
उठले तेव्हा साडेचार.

१३ जून
आजोबा माझ्याकडे येत नाही. मला बघून पाय आपटतो.
भूक नाही. सुरीने बोट कापलं — नुसती पांढरी फट.

१४ जून
मुलगा येतोय. नातीला दोन दिवस इथे ठेवणार. चार वर्षांची. बाईंनी पलंगावर मधे जागा केली — म्हणतात, तिला दुपारी झोपायची सवय —
नका आणू तिला, असं सांगायला फोन लावला. या ना, आम्ही वाट बघतोय — असं मीच म्हणाले, माझ्याच आवाजात —
गाडी थांबली. दाराला आतून कडी घालायला हवी, पण हात —
मुलगी पळत