डाव्या बुटातला खिळा

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. त्यातली विनंती यावेळी फक्त बुटांपुरती. कामाचे बूट कुरियरने पाठवलेत. दिवसाला दीडशे घरांचे विजेचे मीटर वाचायचे, म्हणजे निम्मा जन्म जिन्यातच जातो. गेल्या वर्षी तू ठोकून दिलेले तळ पार झिजले. इथला बूटवाला म्हणतो, फेकून द्या. भाऊ बूट शिवतो म्हटल्यावर त्यानंच पिशवीत घालून दिले.

वहिनीनं फोनवर चुगली केली. म्हणे, दुकानात खिळ्यांच्या खोक्यात बिस्किटं लपवतोस! सदुसष्टावं लागलं, साखरेचा आजार जडून वर्ष झालं, जरा तरी लाज बाळग. आमचं बरं आहे बाई. तुझ्याहून तीस वर्षांनी धाकटं शेंडेफळ, छत्तिशीतली काडीपैलवान मी, साखरेला अंगावर बसायला जागाच कुठे? म्हातारपणाचं दुखणं तुझं तू सांभाळ. मला हल्ली तहान फार लागते नि दमायला होतं, पण एवढे जिने चढून दुसरं काय होणार!

लोभ आहेच, तो बुटांवरही करावा.
तुझी धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. काडीपैलवान हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक हुकूम. पुढचं वाचण्याआधी डावा मोजा काढ.

काढलास? आता अंगठ्याखाली तळव्याला बघ. दिसत नसेल तर आरसा धर. नवा तळ लावायला म्हणून डाव्या बुटात हात घातला, तर बोटाला खिळा लागला. तळ झिजला आणि माझाच खिळा तांदळाच्या दाण्याएवढा आत आला. भोवती वाळलेलं रक्त आहे, तेही एका दिवसाचं नाही. चाळीस वर्षं लोकांचे बूट हाताळतोय. एवढासा खिळा वर आला तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन शंख करतं. तू त्यावर आठवडेच्या आठवडे चाललीस, आणि तक्रार काय, तर तळ झिजला! तुला दुखलं कसं नाही गं?

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई फार बोलतात, पण खरं बोलतात. त्या म्हणतात, साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, टोचलेलं कळतच नाही; आणि हे म्हातारपणाचं दुखणं नव्हेच. काही देशांत ते जाडजूड माणसांना साठीच्या आसपास गाठतं, आपल्या लोकांना दहा वर्षं आधीच, आणि बारीक माणसांनाही सोडत नाही. वर जितकं लवकर येईल तितकं वाईट. मी त्याच्याबरोबर पंधरा-वीस वर्षं काढीन. तुला आत्ता लागलं असेल, तर डोळे, मूत्रपिंडं नि पाय पोखरायला त्याला चाळीस वर्षं मोकळं रान.

चारदा फोन केला. तीनदा तू जिन्यात. चौथ्यांदा माझं ऐकायच्या आधीच ‘बिल वेळेवर भरा’ म्हणून हसत ठेवून दिलास. म्हणून हे कागदावर. उद्याच्या उद्या दवाखाना गाठ. तोवर बूट मिळणार नाहीत.

बिस्किटांचं खरं आहे. वहिनी कधी खोटं बोलत नाही.
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र एका परक्या इमारतीच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाचलं. आधी रागच आला. मग मोजा काढला. भोक आहे, दादा. कडा काळ्या पडल्यात.

दवाखान्यात सगळ्यांत लहान मीच. शेजारच्या आजींनी विचारलं, कुणाला घेऊन आलीस? डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा एक थरथरणारा धातूचा काटा काढला, मला डोळे मिटायला लावले आणि अंगठ्याला कंप जाणवतोय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लावा की आधी. त्या म्हणाल्या, केव्हाच लावलाय.

साखर भरपूर निघाली. चार-पाच वर्षं मुकाट्यानं वाढत असावी, कारण माझ्या वयाला कुणी तपासायलाच सांगितलं नाही. पू हाडापर्यंत गेला असेल तर पाऊल कापावं लागेल. तीन-चार आठवड्यांत कळेल म्हणतात. पाय नसलेली मीटरवाली कुणी ठेवील का रे? मला भीती वाटते, फार वाटते.

आणि खिळा तुझा म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तो टोचला नसता तर मी अजून दहा वर्षं अशीच मजेत चालले असते.
धाकटी

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वहिनी उद्याच्या बसनं निघतेय, महिनाभर तुझ्याकडेच राहील. तिच्यापुढे तोंड वेंगाडू नकोस, उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. बिस्किटं मी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकली. तू एकटीनंच पथ्य पाळायचं, हे काही मला पटेना. पाऊल टेकू नकोस.
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. आणि घाईघाईनं वि. वि. वहिनी हे पत्र टाकायला दारात उभी आहे, शिवाय ‘आटप’ म्हणतेय. फोन करू म्हणत होती, पण हे मला तुला लिहूनच सांगायचं होतं.

फोटोत हाड शाबूत निघालं. पाऊल राहतंय, दादा! गोळ्या मात्र जन्मभराच्या, आणि तळवा रोज बघायचा, कारण नसांचं सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तेवढं बोलून त्या जखम साफ करायला बसल्या. एरवी मी छताकडे बघत पडलेली असते, मला काही कळतच नाही. आज त्यांनी कडेला चिमटा लावला आणि मी ‘आई गं’ म्हणून किंचाळले. त्या थांबल्या. वहिनी धावत आत आली. त्यांनी पुन्हा लावला, मी पुन्हा किंचाळले. मग आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

बाकी क्षेम. लोभ आहे तो असाच ओरडत राहू दे.
दुखतंय रे दादा, चांगलं सणसणीत दुखतंय.
तुझी धाकटी