हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन

मुरबाड, बुधवार, ऑगस्ट १९९७

आज मी अकरावीतल्या सुगंधाला डस्टर फेकून मारला. नेम धरला नव्हता, असं हेडमास्तरांना सांगितलं. खोटं. नेम धरला होता.

फळ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे ऑक्सिडेशन नंबर काढत होतो, म्हणजे कोणत्या अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले ते. ऑक्सिजन म्हणजे वजा दोन, ही वीस वर्षांची सवय. मग बेरीज शून्य यावी म्हणून हायड्रोजनला अधिक दोन ठोकून दिला. धसईची ही पोरगी उभी राहिली. “सर, हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉनच एक हाय. दोन कुठून देनार?”

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझं टाळकं सटकलं. लाकडी डस्टर तिच्या भुवईवर बसला. रक्त वहीवर टपटपलं, तरी मी ओरडतोच आहे, “बस खाली!” ती तर केव्हाच खाली बसली होती.

प्रयोगशाळेत नेऊन जखम धुवायला मीच बाटली उघडली. हायड्रोजन पेरॉक्साइडची. भुवईवर पांढरा फेस उसळला. तो फेस अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

“घरी सांगन, एसटीतून उतरताना पडले,” ती म्हणाली. “तुमी नका भिऊ सर.” मला सांगते, भिऊ नका! हा हात चुलीत घालावा.

मग त्या फेसाखालचा डोळा अर्धा उघडून तिने विचारलं, “सर, ऑक्सिजन वजा एकच ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “डोळा मीट, औषध जाईल.”