एकास दहाचा चीता

१२ नोव्हेंबर
हेलिकॉप्टरच्या मॉडेलचं शेपूट आज तिसऱ्यांदा सोडवलं. सायकलचे स्पोक कापून केलेली तिकोनी जाळी, अर्ध्या मीटरहून जरा लांब. हे खुर्चीत बसून एकेक सांधा बोटांनी चाचपत होते. एका जागी थांबले.
"इथं वाकडं हाय."
मला दिसेना. पट्टी लावली. दोन मि.मी.
"वरच्या हवेत दोन मिलिमीटर म्हंजे लई झालं, सुमन."
म्हटलं, अहो, हे वर कुठे जाणार आहे? टीव्हीच्या कपाटावर जाणार.
ह्यांचं बोट त्या सांध्यावरून हललं नाही. मग मीच इस्त्री तापवावी तशी सोल्डरची कांडी तापवली आणि सोडवलं. पस्तीस वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवले. उसवायचा कंटाळा करून चालत नाही.

१५ नोव्हें.
नगरला डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू पुढे सरकलाय. उजवा गेल्यातच जमा. डाव्यानं नळीतून बघावं तेवढंच, समोरचं. ह्यांनी सरळ विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण वेळ थोडा आहे.
येताना एसटीत खिडकीशी बसवलं. विळद घाट उतरताना म्हणाले, "संक्रांतीपर्यंत मशीन उभं करू. एकदा डोळ्यानं बघतो. मग चालंल."
हेलिकॉप्टर कधी म्हणत नाहीत, मशीनच. फौजेत बावीस वर्षं ह्याच चीता नावाच्या हेलिकॉप्टरचे मेकॅनिक. तेव्हा मी इथं राहुरीत, सासू-सासऱ्यांजवळ, शिलाईच्या मशीनवर. वर्षातून दोन महिने भेट. बाकी पत्रं. 'मी ठीक आहे, तू ठीक असशील.' चीता कसा दिसतो हे मला परवा परवा कळलं.

२३ नोव्हें.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात आपल्या गल्लीत बर्फ. कुणालाच नवल नाही. दूधवाला सायकल ढकलत चाललाय, टायर बुडालेत. मी दारात टेप घेऊन उभी. कशाचं माप घ्यायचं ते आठवत नाही, पण लवकर घ्यायला हवं, वितळायच्या आत.
जाग आली तर खिडकीतून पलीकडच्या मळ्यातल्या उसाचे तुरे दिसत होते. पांढरे. वाऱ्यावर सगळा फड एकदम वाकायचा, एकदम उठायचा.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, बर्फ पांढरा नसतोच मुळी. सकाळी निळा, दुपारी बघवत नाही, सांजच्याला गुलाबी.
लग्नाला एवढी वर्षं झाली. हे आज सांगितलं.

१ डिसेंबर
पुढची काच. चीत्याचं सगळं तोंडच काचेचं, फुगलेल्या बुडबुड्यासारखं. लाकडाचा साचा मी तासून केला (ब्लाऊजचा कटोरी कट जमतो तर हे का नाही). ॲक्रिलिकचा पत्रा दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून आणला. तो मऊ करायला घरची शेगडी पुरेना, एका बाजूला भाजतो. शेवटी रफिकभाईंच्या बेकरीत नेला. दुपारी पाव निघाले की भट्टी नरम असते.
रफिकभाई म्हणाले, "वहिनी, आजवर भट्टीत बऱ्याच वस्तू आल्या. केक आले, लोकांचे शेंगदाणे आले. विमानाची काच पयल्यांदाच."
"विमान न्हाई," हे बाकावरून म्हणाले.
पहिला पत्रा ओढताना फाटला. दुसऱ्यात फोड आले. पावाचा वास अजून केसांत आहे.

७ डिसें.
काच झाली! पाचवी. रफिकभाईंनी आणि मी दोन बाजूंनी धरून साच्यावर ओढली आणि श्वास रोखून उभे राहिलो. निवली तेव्हा टिचकी मारली तर टण् वाजली.
घरी आणून नुसती डोळ्यांसमोर धरली. अंगण वाकलं. तुळस लांब गेली, दोरीवरची साडी जवळ आली, आभाळ दोन्ही बाजूंनी खाली उतरलं. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. दूध उतू गेलं.
ह्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धरली. ह्यांनी मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. मग, "आता कुणीतरी आत बसलं पाहिजे."

१२ डिसें.
सकाळी खरंच एक हेलिकॉप्टर गेलं, नगरकडे. गल्लीतले सगळे बाहेर येऊन वर बघायला लागले. हे एकटे मान खाली घालून, डोळे मिटून.
"चीता न्हाई. ह्याला दोन इंजिनं हाईत."
आवाज गेल्यावरही बराच वेळ तसेच बसले होते. बाकीचे घरात गेले. ह्यांच्यासाठी ते अजून जात असावं.
पाती: पांगाऱ्याचं लाकूड, तीन. दोऱ्याला टांगून तोलली. एक जड निघालं. पॉलिश पेपर.
पायलटसमोरच्या डायलना टिचबटणं वापरली. एकदम झकास.

१८ डिसें.
बसायच्या जागा केल्या. पुढे दोन, मागे तीन. ऑलिव्ह रंगाचं अस्तर घरात होतंच, आत कापूस, शिवण बाहेरून दिसत नाही. मोठ्या कौतुकानं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी पुढच्या दोन चाचपल्या, ठीक. मग मागच्या तिन्ही उपटून माझ्या हातात दिल्या.
"ह्या न्हवत्या."
म्हटलं, ज्या चित्रावरून बनवतोय त्यात आहेत की.
"वर बर्फातल्या चौकीवर जाताना काढून ठिवायचो. वजन. दारं बी काढायचो कधीकधी. त्या उंचीवर एक माणूस खाली आणायचा म्हंजे मशीनचा जीव जायचा."
मग म्हणाले, "मला रजा मिळाली हुती."
कसली रजा, विचारलं. पण विचारताना कळलंच होतं.

आमचं पहिलं बाळ. लेकीच्या, मनीषाच्या, आधीचं. आठ दिवसांचं होतं, ताप उतरेना. सासऱ्यांनी तार केली. हे आले नाहीत. बाळ गेलं. बारसंही झालं नव्हतं. नंतर पत्र आलं, रजा नामंजूर झाली. दोन महिन्यांनी आले तेव्हाही हेच सांगितलं. तेव्हापासून मी कुठल्याशा न पाहिलेल्या साहेबाला शिव्या देत आले. त्याचं घर जळो म्हणाले. चौतीस वर्षं.

जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.
"मी वर हुतो, एका मशीनचं काम करायला. वायरलेसवर रजा आली. दुसऱ्या दिवशी चीता आला न्यायला. एकच माणूस न्यायचा. मी चढलो बी. पट्टा बांधला. तेवढ्यात दोघांनी एका जवानाला धरून आणलं. व्हट निळे पडल्याले. पायलट माझ्याकडं बघंना. नुसता डायलकडं बघत बसला. मग मीच उतरलो."
हवा बिघडली. नऊ दिवस काही उडालं नाही. उडालं तेव्हा दुसरी तार येऊन पडली होती.
"मग?"
"मग कशाला येऊ. कुठल्या तोंडानं."
"आणि पत्रात नामंजूर लिहिलंत ते?"
"म्हटलं, दुसऱ्यानं अडवलं असं वाटलं तर तुला सोपं जाईल."
सोपं.
भात लावायचा होता. लावला.

१९ डिसें.
काही नाही.

२१ डिसें.
कामाला हात लावला नाही. चीता टेबलावर चादरीखाली. चादरीवरून शेपूट कळतं.
डोक्यात हिशेब चालू. वरून खाली एक दिवस. मग रेल्वे, दिल्ली, मनमाड, तिथून एसटी. निदान चार दिवस. बाळ तार केल्यापासून तिसऱ्या दिवशी गेलं. उतरले नसते तरी पोचले नसते.
हे कळतं. तरी पण.
माती देऊन सासरे परत आले, हातपाय धुतले आणि ओट्यावर बसले. मी आत. दूध येत होतं. त्या दिवशी मला माणूस हवं होतं. चौथ्या दिवशी आलं असतं तरी चाललं असतं.

२४ डिसें.
मनीषाचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं हेलिकॉप्टर कुठवर आलं?"
थांबलंय म्हटलं.
"का? बाबांचा आवाज कसातरी येतोय. भांडलात का?"
काय सांगू? तिला त्या बाळाचं एवढंच माहीत आहे की होतं.
आमच्यात बोलणं जेवणापुरतं. चहा ठेवलाय. औषध घ्या. पायरी आहे.

२९ डिसें.
दुपारी कपडे काढायला मागे गेले होते. आले तर चादर बाजूला आणि हे मशीनवर वाकलेले. शेपटीचा छोटा पंखा एकटेच बसवत होते. डोळे मिटूनच, कारण एवढं बारीक आता उघड्या डोळ्यानंही दिसत नाही. हात मात्र असे चालले होते जसे मी सुईत दोरा ओवते, न बघता. मी दारात उभी राहिले. हे हात मी कधी कामावर पाहिलेच नव्हते. घरी आलेला माणूस सुट्टीवरचा असायचा. कामावरचा माणूस आज पाहिला.
असेच हात असतील तेव्हा. पट्टा सोडणारे.
जवळ गेले. मग म्हटलं, "उलटा बसवलाय."
"व्हय?"
"व्हय."
बाजूला सरकले. मी स्टूल ओढलं.

३ जानेवारी
पाती बसवताना विचारलं.
"तो जवान जगला का?"
"म्हाईत न्हाई."
"नाव?"
"इचारलं न्हाई. इचारलं असतं तर पुढं आयुष्यभर..." एवढंच.
मी जगला असं धरून चालले आहे. कुठेतरी असेल. पंचावन्नचा. नातवंडं असतील. कधी वाटतं, त्याला बघावं. कधी वाटतं, रस्त्यात समोर आला तर तोंड फिरवीन. एकाच दुपारी दोन्ही वाटतं.
रंग दिला. पहिला हात. घराला टर्पेंटाईनचा वास.

१४ जाने.
संक्रांत. मशीन उभं.
उन्हात अंगणात पाटावर ठेवलं. स्किडवर, खालच्या दोन पट्ट्यांवर, नीट बसलं, नाक किंचित वर. ह्यांना समोर आणून बसवलं, डावा डोळा बरोबर समोर येईल असं. हे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे.
"दिसतंय?"
"काच चमकतीया. बाकी..." हातानं धूर दाखवावा तसं केलं.
उशीर झाला. की झाला नाही, कळत नाही. मग ह्यांनी पुढे होऊन नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, सावकाश, घोड्याच्या अंगावरून फिरवावा तसा. मधेच हसले. कशाला, सांगितलं नाही.
शेजारणी तिळगूळ घेऊन आल्या. एकीनं विचारलं, उडतं का हो?
मी म्हटलं, हो.

२२ जाने.
पुन्हा स्वप्न. चीता फडावरून जातोय, तुऱ्यांना अगदी लागून. दारं काढलेली. आत कोण ते दिसत नाही. पण रडण्याचा आवाज नाही, इंजिनाचा नाही, नुसता वारा. मी खाली धावत नाहीये. उभी आहे, आणि बरं वाटतंय.

२७ जाने.
आता उजेड-अंधार एवढंच कळतं ह्यांना. स्वतःच सांगितलं, सकाळी चहा घेताना, दूध संपलंय सांगावं तसं. मीही बरं म्हटलं. कप पुन्हा भरला.

२ फेब्रुवारी
हे चार दिवसांपासून म्हणत होते, मशीनला वारा दाखवू. गल्लीतल्या बापूंच्या रिक्षातून मुळा धरणाकडे गेलो. मशीन माझ्या मांडीवर, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, तासभर गेला.
धरणाच्या अलीकडे उतारावर बसलो. बापू रिक्षापाशी. पाण्यावरून वारा येत होता. मशीन दगडावर ठेवलं, शेपटीला हात धरून. आधी काहीच नाही. मग पाती हलली. थांबली. पुन्हा हलली आणि फिरायलाच लागली, हलकी, आवाज न करता.
"फिरतंय?"
"फिरतंय."
"कसं?"
सांगितलं. ऊन पात्यावरून कसं येतं-जातं, सावली गवतावर कशी धावते, काचेत पाणी दिसतंय, पाण्याला वाक आलाय. मला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. हे मान हलवत ऐकत होते.
मग वारा पडला. पाती थांबली. पलीकडच्या काठाला बगळे बसलेले, ते मी सांगितले नाहीत.
"सुमन, त्याचं तोंड कसं हुतं?"
कुणाचं, असं मी विचारलं नाही. चौतीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता. हे आले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. फोटो नाही.
सांगायला लागले. कपाळ रुंद. जावळ दाट, मानेपर्यंत. डावा कान वरून जरा दुमडलेला, मी तेल लावून सरळ करायची. रडायच्या आधी खालचा ओठ बाहेर यायचा आणि कितीतरी वेळ तसाच थरथरायचा, रडू यायचंच नाही.
नाकाशी आले आणि आठवेना. मला आठवेना! नऊ महिने आणि अकरा दिवस, आणि नाक आठवेना.
ह्यांनी हात पुढे केला. मी तो धरून माझ्या नाकावर ठेवला. "बहुतेक असंच. इथं जरा बसकं. इथं असं नाही." ह्यांची बोटं तिथंच थांबली, सांधा तपासताना थांबायची तशी. मी डोळे मिटून घेतले.
बापूंनी हॉर्न दिला.
"थांब म्हणावं त्याला," हे म्हणाले.
हनुवटी अजून सांगायची आहे.