स्वेच्छेची पाळत

६ जानेवारी, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. कुणी वाचावं म्हणून नाही. डोकं थंड राहावं म्हणून.

झालं ते असं. नाताळानंतरच्या शुक्रवारी नेहमीसारखा ड्यूटीवर गेलो. हृदयरोग वॉर्ड, सकाळपाळी. ग्रेचेन, आमची वॉर्डप्रमुख, वय माझ्या निम्मं, जवळ आली आणि म्हणाली, वेन्डल, तोंडाला वास येतोय. मी म्हणालो, माउथवॉश. ती म्हणाली, माउथवॉशला बर्बन व्हिस्कीचा वास येत नाही. आता आदल्या संध्याकाळी मेव्हण्याचा वाढदिवस होता. माणूस एखादा ग्लास घेतो. तो ग्लास सकाळपर्यंत आत मुक्काम ठोकून बसला, याला मी काय करू?

एकाही पेशंटला हात लावला नव्हता. हे कुणी लक्षात घेत नाही.

मग नर्सिंग मंडळाच्या बाईचा फोन. म्हणाली, दोन रस्ते आहेत. एक, उघड चौकशी, लायसन्स टांगणीला. दुसरा, नर्सांसाठीचा देखरेख कार्यक्रम, तोही संपूर्ण स्वेच्छेने. माणसाला कड्यावर उभं करायचं आणि म्हणायचं, मागे फिरायचं तर स्वेच्छेने फिरा. करारनामा जाडजूड होता. वरवर चाळला आणि सही ठोकली. मथितार्थ माझ्या लगेच लक्षात येतो.

संकल्प: मान ताठ. हक्कांसाठी शेवटपर्यंत लढायचं. दारू पूर्ण बंद. गरज आहे म्हणून नव्हे, यांची तोंडं बंद करायला.

९ जानेवारी, सकाळ

रोज उठल्याउठल्या एका नंबरला फोन करायचा. यंत्रातली बाई मधाळ आवाजात सांगते, आज तपासणीसाठी तुमची निवड झाली आहे, किंवा नाही. लॉटरी लागल्यासारखं सांगते. आज लागली.

लघवीचा नमुना. समोर माणूस उभा. नाव ड्वेन. नजर जिथे नको तिथे. इतकी वर्षं मी पेशंटांना विचारत आलो, होतंय का, नळ सोडू का? आज ड्वेनने मला विचारलं. मी ताठ मानेने नको म्हणालो. थोड्या वेळाने सोडा म्हणालो.

हा माणसाच्या अब्रूवर घाला आहे. लढ्याचा पहिला मुद्दा.

२१ जानेवारी, मंगळवार

आज गटसभा. सक्तीची. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या आणि कपड्याला डाग पाडणारी कॉफी. चालवणारी मार्गो, समुपदेशक. प्रत्येक वाक्यानंतर मान तिरकी करते आणि विचारते, मग तेव्हा तुम्हाला कसं वाटलं? मला वाटलं की खुर्ची फेकावी. तसं बोललो नाही. म्हणालो, मी इथे केवळ निरीक्षक म्हणून आलो आहे.

एक बाई जोरात हसली. ओडेसा टिलमन. डायलिसिसची नर्स, भरभक्कम, पन्नाशीची, आवाज कर्ण्यासारखा. तिची गोष्ट ऐकली. कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, हिने प्रामाणिकपणे वरिष्ठांना आपणहून सांगितलं. झालं. थेट इथे. ज्या केंद्राने हिची तपासणी केली, त्याच केंद्राने सांगितलं की बाई व्यसनी आहे, उपचार घ्यावे लागतील, आणि योगायोग बघा, ते आमच्याचकडे मिळतात. ओडेसा म्हणाली, डोनटवाल्याला जाऊन विचारायचं, बाबा, मला भूक लागलीय का? तो काय सांगणार? आता ती डायलिसिस सोडून सुपरमार्केटात फळ्यांवर डबे लावते. कंबर दुखत असताना.

उघडउघड अन्याय. तिचा आणि माझा, दोघांचा अगदी सारखाच. मी तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, सारखाच? आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कृतज्ञतेने असावं.

२ फेब्रुवारी, रविवार

'नर्स हक्क आघाडी' स्थापन. अध्यक्ष मी. पहिली बैठक आमच्या घरी, गटातल्या सगळ्यांना बोलावणं. कोंबडीचे पंख मी तळले, बायकोने, म्हणजे ट्रुडीने, बटाट्याचं सॅलड केलं. बाहेर बर्फ असल्यामुळे उपस्थिती मर्यादित. ओडेसा आली.

ती बर्फातूनच आली होती, पण तिची गाडी मोठी आहे.

पंख खाता खाता तिने विचारलं, ज्यावर सही केलीस ते वाचलंस का? मी म्हणालो, ढोबळमानाने. ती म्हणाली, ढोबळमानाने तू सगळ्या गोष्टी कबूल करून बसलायस, शहाण्या. अपील करायचं नाही, हेसुद्धा. तिने नर्सांची कामं घेणारी एक वकीलबाई गाठली आहे, आणि मीही यावं असं तिचं म्हणणं. मी साफ नकार दिला. वकील दोषी माणसाला लागतो. माझी बाजू माझा चेहरा सांगतो.

ट्रुडी स्वयंपाकघरातून म्हणाली, तीच तर भानगड आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल फुटबॉलचा मोठा सामना. मेव्हण्याकडे, लेनर्डकडे. मी बिअरला स्पर्श केला नाही. फक्त बिनअल्कोहोलची. लेनर्डने बिनअल्कोहोलची कमी आणली होती, ती दुसऱ्या सत्रातच संपली. पुढच्या गोष्टीला जबाबदार तो.

नोंद, निव्वळ अभ्यास म्हणून: यंत्रातल्या बाईने शुक्रवारी बोलावलं, की सोमवारी सहसा बोलावत नाही.

याच दिवशी, थोड्या वेळाने

बोलावलं.

१४ फेब्रुवारी

ट्रुडीसाठी फुलं घेतली. घरी पोचतो तोच कार्यक्रमाच्या बाईचा फोन. नमुन्यात अल्कोहोल. मी तिथल्या तिथे कारणं दिली. वॉर्डात दिवसभर हाताला जेल चोळतो, ते कातडीतून आत जातं. शिवाय सॅलडमधलं व्हिनेगर. शिवाय लेनर्डच्या बायकोचा रमचा केक. ती म्हणाली, यातलं नेमकं कोणतं? मी म्हणालो, सगळ्यांचा एकत्रित परिणाम. शास्त्राची जाण नसलेल्या माणसाशी बोलणं अवघड.

ट्रुडीने फुलं पाण्यात ठेवली. म्हणाली, जेल हाताला लावतात, वेन. घशाला नाही. मग बहिणीशी फोनवर बोलत बसली. संध्याकाळभर.

३ मार्च

वॉर्डातून हलवलं. आता तळमजल्यावर फोनवर बसून विमा कंपन्यांना सांगायचं की अमुक पेशंटला हृदय आहे आणि ते बंद पडत होतं. पेशंटच्या जवळ जायचं नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली नाही. ग्रेचेन वरून येऊन म्हणाली, तुम्ही लवकर परत यावं असं मला मनापासून वाटतं. मनापासून! हे शब्द आजकाल कुणीही वापरतं.

खरं तर हे खातं माझ्यावाचून कोलमडलंच असतं.

८ एप्रिल, मंगळवार

मार्गोने सगळ्यांना विचारलं, दारूवाचून सर्वांत अवघड वेळ कोणती? मी म्हणालो, ही सभा. कुणीच हसलं नाही. बहुतेकांचा विनोदाशी संबंध तुटलेला आहे.

परवाचा नमुना 'फार पातळ' म्हणून पुन्हा द्यायला लावला. पाणी भरपूर प्यालो होतो. नर्सने पाणी प्यायचं नाही, असंही आता मंडळ ठरवणार काय?

१५ मे, गुरुवार

ऐतिहासिक दिवस. मंडळाची खुली बैठक. ज्याला बोलायचं त्याला बोलू देतात, पण टेबलावर घड्याळ लावून. मी महिनाभर तयारी केली होती. निळा सूट घातला. बटण पोटावर बसेना, पण उघडा सूट जास्त रुबाबदार दिसतो.

सुरुवात केली मानवाने पहिली जखम बांधली तिथून. सैन्यातल्या नर्सांपर्यंत आलो आणि घंटी वाजली. मी म्हणालो, मुद्दा आता येतोय. अध्यक्षबाई म्हणाल्या, धन्यवाद, मिस्टर प्रुइट. मी म्हणालो, हीच ती गळचेपी. त्या पुन्हा म्हणाल्या, धन्यवाद.

मग ओडेसा उठली. शेजारी तिची वकीलबाई. ओडेसा काठी टेकत माइकपर्यंत गेली आणि म्हणाली, मला गोळ्या माझ्या डॉक्टरने दिल्या. मी लपवल्या नाहीत. मला तपासलं कोणी, तर मी आजारी निघाले की ज्याचा धंदा चालतो त्याने. नशेत असलेल्या नर्सने पेशंटजवळ जाऊ नये, हे मला तुम्ही शिकवू नका, माझ्याच आईला अशीच एक नर्स भेटली होती. पकडा तिला. पण कोण नशेत आहे ते सांगणारा माणूस तरी निदान तटस्थ द्या. एवढंच.

आणि घंटी वाजायच्या आत बसली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

भाषण चांगलं होतं, पण ऐतिहासिक पार्श्वभूमी शून्य. ती मी आधीच तयार करून ठेवल्यामुळे तिचं निभावलं.

१७ जुलै

विजय! मंडळाने मान्य केलं. यापुढे कोणत्याही नर्सला हवा तो स्वतंत्र तज्ज्ञ निवडून फेरतपासणी करून घेता येईल. अट एकच, त्याचा कुठल्याही उपचार केंद्राशी संबंध नसावा. त्याचं मत दोन्ही बाजूंना बंधनकारक. ओडेसाची फेरतपासणी तिच्या वकीलबाईने आधीच करवून ठेवली होती. सुटली. पुढच्या सोमवारपासून पुन्हा डायलिसिस.

गटसभेत केक आणला होता. त्यावर नुसतं ओडेसाचं नाव. बेकरीवाल्यांना पूर्ण मजकूर कुणी दिला नसावा.

ओडेसाने माझ्या हातात मोठा तुकडा दिला आणि हळू म्हणाली, आता तुझी पाळी, वेन्डल. खरंच जाणार आहेस? मी म्हणालो, सर्वांत आधी. ती म्हणाली, माझा नंबर आहे ना तुझ्याकडे? बायकांना यश मिळालं की त्या हळव्या होतात.

२४ ऑगस्ट

तज्ज्ञ निवडला. डॉ. एल्सवर्थ पाइक. पिकली दाढी, ताठ माणूस. असल्या कार्यक्रमांवर जाहीर टीका करून बदनाम झालेला. आपला माणूस.

ट्रुडीला सांगितलं, आता बघ कशी धूळ चारतो. ती भांडी पुसत होती. तेच ताट पुसत राहिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर डॉ. पाइककडे. अप्रतिम माणूस. रक्त घेतलं, नखं कापून घेतली, मग तासन् तास गप्पा. ड्वेनचा किस्सा सांगितला, तर म्हणाला, लाजिरवाणं आहे. केंद्राच्या धंद्याबद्दल सांगितलं, तर म्हणाला, हा सरळ बाजार आहे. करार न समजावता सही घेतली म्हटल्यावर तर टेबलावर मूठ आपटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं. मला जरा भरून आलं. खोलीत धूळ होती.

शेवटी म्हणाला, तुमच्या पत्नीशीही बोलायला आवडेल, तुमची हरकत नसेल तर. मी म्हणालो, अवश्य. ती माझी पहिली साक्षीदार.

ट्रुडी आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. गाडीत विचारलं, काय काय सांगितलंस? म्हणाली, त्यांनी विचारलं ते. आणि ते काय? म्हणाली, तू कधीच विचारलं नाहीस ते.

सर्दी असावी. हवा बदलते आहे.

९ ऑक्टोबर

निकाल उद्या. वॉर्डात परत गेल्यावर ग्रेचेनशी कसं वागायचं ते ठरवून ठेवलं. थंड, पण क्षमाशील.

१० ऑक्टोबर

डॉ. पाइकने समोर बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, तुमच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. तुमच्याशी वाईट पद्धतीने वागले. ते मी स्पष्ट लिहिलं आहे. पण वेन्डल, तुमच्याबद्दल त्यांचं चुकलेलं नाही. नखांत सगळा उन्हाळा आहे, महिनोन्महिन्यांची दारू. तुम्ही आजारी आहात, आणि आता निवासी उपचारांवाचून मी तुम्हाला पेशंटजवळ जाऊ देणार नाही.

मी म्हणालो, मी तुम्हाला निवडलं होतं.

तो म्हणाला, हो. चांगलं निवडलंत.

त्याच्या भिंतीवरच्या पदव्या पुन्हा तपासायला हव्यात. एकदा निवडला की बंधनकारक. हा नियम कुणी घातला? विचारायला ओडेसाला फोन केला. ती म्हणाली, आपणच मागून घेतला, राजा. आणि मग म्हणाली, कधी जायचंय? मी नेते तुला.

मी म्हणालो, गरज नाही.

११ ऑक्टोबर

ट्रुडी बहिणीकडे गेली. थोड्या दिवसांसाठी, असं म्हणाली. बॅग मात्र मोठी घेतली.

घर शांत. विचार करायला बरं.

२० ऑक्टोबर, सोमवार

ओडेसा सकाळी दारात. ड्यूटीची सुट्टी टाकून आलेली. वाटेत तळ्यावर धुकं होतं.

केंद्र दूर आहे, कार्यक्रमाच्या माणसांचं नाही. फोन काढून घेतला. ही वही ठेवू दिली.

दाखल करून घेणारी नर्स, पोरसवदा. तिने विचारलं, शेवटचं कधी घेतलंत? मी तिला जानेवारीतल्या संकल्पाबद्दल सांगायला लागलो. मग फुटबॉलचा सामना. मग जेल. ती ऐकत राहिली. ती ऐकते तसंच मीही पेशंटांचं ऐकायचो, म्हातारे थकून गप्प होईपर्यंत.

काल, मी म्हणालो. आणि आज पहाटे.

बरं, ती म्हणाली. हात पुढे करा.

तिने ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला. ती कुठे चुकते ते बघत होतो.

कुठेच चुकली नाही.